ग्राफीन, चुंबक आणि इलेक्ट्रॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात, नौपाड्यात आम्ही काही जण मराठीतून भौतिकशास्त्राच्या गप्पा घेतो. बारावीची मुलं, बीएस्सीवाले, निवृत्त इंजिनीअर आणि मुलांना सोडायला येऊन तिथेच बसून राहिलेले आईवडील, असा आमचा श्रोतृवर्ग. ग्राफीनवरच्या सत्रानंतर व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. समीकरणं जमेल तिथे शब्दांत लिहिली आहेत. आकडे मात्र गाळलेले नाहीत. आकडे काढले तर या विषयात नुसतं 'वा, वा' म्हणण्यापलीकडे काही उरत नाही.

पेन्सिलीत असतं तेच ग्राफीन का?

जवळपास. पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण असतं. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे थरावर थर, आणि त्यातला एकच थर सुटा काढला की ते ग्राफीन. अणू षटकोनी जाळीत बसलेले, शेजारच्या दोन अणूंमध्ये ०.१४२ नॅनोमीटर अंतर. थराच्या आतले बंध अतिशय मजबूत, पण एका थराची दुसऱ्यावर ओढ अगदी कमी. म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते.

कार्बनच्या चार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपैकी तीन शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात गुंततात. चौथा थरभर हिंडायला मोकळा. या पानावर जिथे जिथे 'इलेक्ट्रॉन' म्हटलंय, तिथे हा चौथा समजायचा.

ते चिकटपट्टीने वेगळं केलं हे खरं की दंतकथा?

खरं. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ते केलं, २००४ मध्ये प्रसिद्ध केलं आणि २०१० चं नोबेल त्यांना मिळालं.

कृती अशी. चिकटपट्टीवर ग्रॅफाइटचा एक चकचकीत पापुद्रा ठेवायचा, पट्टी दुमडून दाबायची आणि सावकाश उलगडायची. पापुद्रा सोलला जाऊन दोन्हीकडे थोडा थोडा राहतो. पुन्हा दुमडायची, पुन्हा उलगडायची. चकाकी जाऊन पट्टीवर करडी धूळ बसल्यासारखी दिसू लागली की ती सिलिकॉनच्या चकतीवर दाबायची. ही चकतीही कुठलीही चालत नाही. तिच्यावर सिलिकॉन डायऑक्साइडचा सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा थर लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली जांभळट पार्श्वभूमीवर जाड तुकडे पिवळे-निळे दिसतात, आणि नीट शोधलं तर मध्येच एखादा डाग, पार्श्वभूमीपेक्षा किंचित गडद. तोच एक थर. तो प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषतो. तरीही तो डोळ्यांना दिसतो, कारण ऑक्साइडच्या थरातून परत येणाऱ्या प्रकाशाशी त्याचा मेळ बसतो. ऑक्साइडची जाडी थोडी इकडेतिकडे झाली की समोर असूनही दिसत नाही.

पेन्सिल किसून हे करायला जाऊ नका, चिकणमाती आड येते. नैसर्गिक ग्रॅफाइटचे मोठे स्फटिक लागतात.

तुकडा सापडला की त्यावर सोन्याची टोकं बसवतात: दोन प्रवाह आत-बाहेर नेणारी, बाकीची बाजूंना व्होल्टेज मोजायला. खालच्या सिलिकॉनला व्होल्टेज दिलं की ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांची संख्या हवी तशी कमीजास्त करता येते. व्होल्टेजचं चिन्ह उलटं केलं तर इलेक्ट्रॉनांऐवजी होल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, प्रवाह वाहू लागतात. पुढचे सगळे प्रयोग या एवढ्याशा रचनेवरच होतात.

आधी सांगा, साध्या पदार्थात चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनला काय करतं?

वळवतं. बाकी काही करत नाही. चुंबकीय बल नेहमी वेगाशी काटकोनात असतं, त्यामुळे ते इलेक्ट्रॉनला ना ऊर्जा देतं ना काढून घेतं. पृष्ठभागाला लंब क्षेत्र लावलं की त्या पृष्ठभागावरचा इलेक्ट्रॉन गोल फिरू लागतो.

बारावीत तुम्ही यातला एक निष्कर्ष पाठ केलेला असतो, पण त्याच्याकडे कुणी थांबून बघत नाही. जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन जास्त वेगाने जातो, पण त्याचं वर्तुळही तितकंच मोठं होतं. वेग दुप्पट, परीघ दुप्पट. त्यामुळे एका फेरीला लागणारा वेळ ऊर्जेवर अवलंबूनच नसतो. तो फक्त वस्तुमान आणि क्षेत्र यांवर ठरतो. सायक्लोट्रॉन हे प्रभारित कणांना गोल फिरवत वेग देणारं यंत्र याच गोष्टीच्या भरवशावर चालतं.

हा परिच्छेद लक्षात ठेवा. ग्राफीनमध्ये नेमकं हेच मोडतं.

म्हणजे ग्राफीनमध्ये वेगळं काय होतं?

ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनचा वेग बदलत नाही. ऊर्जा कमी असो की जास्त, वेग सेकंदाला सुमारे १० लाख मीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या तीनशेव्या भागाइतका. (हा एकेका इलेक्ट्रॉनचा वेग झाला. व्होल्टेज लावल्यावर सगळा जथा मिळून ज्या गतीने सरकतो ती वेगळी, आणि खूप कमी. हा गोंधळ दर वेळी होतो.)

याचं मूळ जाळीच्या आकारात आहे. षटकोनी जाळीत अणूंचे दोन संच असतात. पहिल्या संचातल्या अणूचे तिन्ही शेजारी दुसऱ्या संचातले आणि दुसऱ्यातल्याचे तिन्ही पहिल्यातले. इलेक्ट्रॉन सतत या संचातून त्या संचात उड्या मारत असतो. त्याचा हिशोब मांडला की काही ठरावीक बिंदूंपाशी ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या नव्हे, सरळ संवेगाच्याच प्रमाणात येते. हे गणित पी. आर. वॉलेस यांनी १९४७ मध्ये ग्रॅफाइटसाठी केलं होतं, तेव्हा ग्राफीन सुटं काढण्याचा विचारही कुणी केला नव्हता.

आता हा इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात टाका. ऊर्जा दुप्पट केली तर संवेग दुप्पट आणि वर्तुळही दुप्पट. पण वेग तोच! म्हणजे फेरीला दुप्पट वेळ लागणार. जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन इथे जास्त संथपणे फेऱ्या मारतो. पुढे जे जे चमत्कारिक वाटेल ते बहुतेक सगळं या एका वाक्यातून निघतं.

आकडे घालून बघू. खालच्या सिलिकॉनला व्होल्टेज देऊन एका चौरस सेंटिमीटरमध्ये १ लाख कोटी जादा इलेक्ट्रॉन आणले (प्रयोगांत ही अगदी रोजची घनता आहे) आणि क्षेत्र १ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). सर्वात वरच्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या वर्तुळाची त्रिज्या येते सुमारे ११७ नॅनोमीटर आणि एका फेरीला लागतात सुमारे ०.७ पिकोसेकंद. कागद-पेन घेऊन स्वतः करून बघा, बारावीचीच सूत्रं आहेत: त्रिज्या म्हणजे संवेग भागिले प्रभार गुणिले क्षेत्र.

या इलेक्ट्रॉनला वस्तुमान नसतं म्हणतात. मग वस्तुमान गेलं कुठे?

कुठेही गेलेलं नाही. इलेक्ट्रॉन तोच, बाहेर काढून तोललात तर वस्तुमान तेवढंच भरेल. जाळीच्या आत असताना मात्र तो ज्या नियमाने हलतो, त्या नियमात वस्तुमानाचं पद नाही. वर्तमानपत्रं 'वस्तुमानरहित इलेक्ट्रॉन' अशी मथळ्यात घालतात आणि लोक उगाच घाबरतात किंवा भारावतात.

फेरीच्या वेळावरून एक 'वस्तुमान' काढता येतं. वरच्या उदाहरणात ते साध्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे २ टक्के येतं. पण हा आकडा स्थिर नाही, इलेक्ट्रॉनांची घनता चौपट केली की तो दुप्पट होतो. २००५ मध्ये मँचेस्टरच्या आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटांनी स्वतंत्रपणे हेच मोजलं. क्षेत्र वाढवत नेलं की रोध लाटांसारखा वरखाली होतो. त्या लाटा तापमान वाढल्यावर किती लवकर विरतात, यावरून हे वस्तुमान निघतं, आणि ते घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आलं. ग्राफीनचा इलेक्ट्रॉन खरोखरच एकाच वेगाने धावतो, याचा हा पक्का पुरावा.

पण तो गोल फिरतो हे कुणी पाहिलंय का? की सगळं कागदावर?

आमच्याकडे हा प्रश्न एका काकांनी विचारला होता, रबाळे एमआयडीसीत आयुष्य काढलेले. त्यांचं म्हणणं, 'मोजून दाखवा, मग मानतो.' रास्त आहे.

इलेक्ट्रॉन डोळ्यांनी दिसत नाही, पण त्याचा मार्ग पकडता येतो. स्वच्छ ग्राफीनच्या काठावर ५०० नॅनोमीटर अंतराने दोन टोकं बसवा. एकातून इलेक्ट्रॉन आत सोडा, दुसऱ्यावर व्होल्टेज बघा. क्षेत्र शून्य असताना इलेक्ट्रॉन सरळ निघून जातात, दुसऱ्या टोकाला विशेष काही कळत नाही. क्षेत्र हळूहळू वाढवा. वर्तुळाचा व्यास बरोबर ५०० नॅनोमीटर झाला की अर्धवर्तुळ काढून इलेक्ट्रॉन थेट दुसऱ्या टोकावर येऊन पडतात आणि व्होल्टेज उसळतं. वरच्या घनतेला हे क्षेत्र सुमारे ०.४७ टेस्ला येतं. आणखी वाढवा, सुमारे ०.९३ टेस्लाला पुन्हा उसळी: या वेळी दोन छोटी अर्धवर्तुळं, मध्ये काठावर एक टप्पा. मग १.४ च्या आसपास तिसरी.

हा प्रयोग ग्राफीनवर झालेला आहे, २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यासाठी इलेक्ट्रॉन वाटेत कुठेही न धडकता निदान तेवढं अंतर जायला हवा. सिलिकॉन डायऑक्साइडवर ते अवघड जातं, कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि अडकलेल्या प्रभारांनी भरलेला. २०१० पासून लोक ग्राफीनला बोरॉन नायट्राइडच्या सपाट स्फटिकाचा आधार देऊ लागले आणि मग चित्रच पालटलं. गंमत म्हणजे जगभरच्या बहुतेक प्रयोगशाळा हे स्फटिक जपानमधल्या त्सुकुबाच्या तानिगुची आणि वातानाबे या दोघांकडूनच घेत आल्या आहेत.

लँडाऊ पातळ्या म्हणजे काय? वर्तुळांशी त्यांचा काय संबंध?

क्षेत्र वाढलं की वर्तुळं लहान होतात, आणि लहान झाली की क्वांटमचे नियम लागू पडतात. वाटेल त्या आकाराचं वर्तुळ चालत नाही, फेरी पूर्ण करून आलेली लहर स्वतःशी जुळली पाहिजे. त्यामुळे ऊर्जेच्या ठरावीक पातळ्याच शिल्लक राहतात. हे १९३० मध्ये लेव्ह लँडाऊ यांनी मांडलं.

साध्या पदार्थात फेरीचा वेळ सगळ्यांना सारखा, म्हणून पातळ्याही समान अंतरावर. ग्राफीनमध्ये वर जाल तशी फेरी संथ होते, म्हणून पातळ्या वर वर जवळ येत जातात. १ टेस्लाला पहिली पातळी सुमारे ३६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टवर, दुसरी ५१ वर, तिसरी ६३ वर, चौथी ७३ वर. क्रमांकाच्या वर्गमुळाप्रमाणे. होलांच्या बाजूला याच्या उलट चिन्हाच्या पातळ्या खाली लागतात.

क्षेत्राचंही वर्गमूळच येतं. १०० पट क्षेत्र लावलंत तर ऊर्जा १० पट. हे ऐकून मुलं हिरमुसतात, साध्या पदार्थात तर ती १०० पट होते! पण सुरुवात कुठून होते ते बघा. गॅलियम आर्सेनाइडसारख्या नावाजलेल्या अर्धवाहकात १ टेस्लाला पातळ्यांमधलं अंतर जेमतेम १.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. १० टेस्लाला तिथे १७, आणि ग्राफीनमध्ये पहिल्या पातळीपर्यंत ११५. वर्गमूळ असूनही ग्राफीन कितीतरी पुढे.

शून्याव्या पातळीचं एवढं कौतुक कशाला?

कारण साध्या पदार्थात ती असूच शकत नाही. तिथे सर्वात खालची पातळीसुद्धा शून्याच्या अर्धं पाऊल वर असते आणि क्षेत्राबरोबर वर सरकते. ग्राफीनची शून्यावी पातळी शून्यावरच. १ टेस्ला लावा की ३०, ती हलत नाही.

ते अर्धं पाऊल गेलं कुठे, हा या पानावरचा सर्वात अवघड प्रश्न. मघाशी अणूंचे दोन संच म्हटले. इलेक्ट्रॉनची लहर या दोन संचांमध्ये कशी वाटली गेलीय, हे एका बाणाने दाखवता येतं, आणि तो बाण नेहमी इलेक्ट्रॉनच्या चालीशी जखडलेला असतो. इलेक्ट्रॉनने एक फेरी मारली की बाणही पूर्ण ३६० अंशांत फिरतो. अशा बाणाचा स्वभाव असा की एका पूर्ण फेरीनंतर लहरीचं चिन्ह उलटं होतं. साध्या पदार्थात जे अर्धं पाऊल असतं, ते या उलट्या चिन्हाने नेमकं खोडलं जातं. भौतिकीत याला बेरी कला (बेरी फेज) म्हणतात, इथे तिचं मूल्य १८० अंश.

हे पहिल्या वाचनात पचलं नाही तर पुढे जा. पुढच्या उत्तरातला आलेख पाहून परत आलात की सोपं जाईल.

आणखी एक: या पातळीची अर्धी मालकी इलेक्ट्रॉनांची, अर्धी होलांची. ग्राफीनमध्ये जादा इलेक्ट्रॉन नसतील तेव्हा ती बरोबर अर्धी भरलेली असते.

क्वांटम हॉल परिणाम ग्राफीनमध्ये कसा दिसतो?

आधी साधा हॉल परिणाम. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये पाहिलं की पट्टीतून प्रवाह जात असताना लंब क्षेत्र लावलं तर पट्टीच्या दोन बाजूंमध्ये आडवं व्होल्टेज तयार होतं. क्षेत्राबरोबर ते सरळ रेषेत वाढतं. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिटझिंग यांनी अतिथंड, अतिपातळ इलेक्ट्रॉनथरात हेच मोजलं, तर सरळ रेषेऐवजी सपाट पठारं मिळाली. आडवा रोध अमुक एका आकड्यावर चिकटून बसतो, क्षेत्र वाढवलं तरी हलत नाही, मग झटकन दुसऱ्या आकड्यावर जातो. मूळ आकडा २५,८१२.८०७ ओहम. प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग, एवढंच त्यात असतं. पदार्थ कोणता, पट्टी किती रुंद, कुणी बनवली, कशाचाही संबंध नाही. १९८५ चं नोबेल यालाच.

ग्राफीनवर हा प्रयोग करताना क्षेत्र स्थिर ठेवून गेटचं, म्हणजे खालच्या सिलिकॉनचं, व्होल्टेज फिरवणं सोयीचं पडतं. आता आलेख डोळ्यांसमोर आणा. आडव्या अक्षावर इलेक्ट्रॉनांची संख्या, डावीकडे होल, उजवीकडे इलेक्ट्रॉन. उभ्या अक्षावर आडवी वाहकता, वरच्या मूळ आकड्याच्या व्यस्ताच्या पटीत मोजलेली. ग्राफीनच्या प्रत्येक पातळीत चौघांना जागा असते, दोन फिरकीमुळे (इलेक्ट्रॉनचा स्पिन) आणि दोन षटकोनी जाळीतल्या दोन वेगळ्या खोऱ्यांमुळे (मघाचे 'ठरावीक बिंदू' ते हेच). म्हणून पठारं ४, ८, १२ अशी लागतील असं वाटतं. प्रत्यक्षात लागतात २, ६, १०, १४. टप्पे चारचेच, पण सगळी मालिका दोनने सरकलेली, कारण शून्यावी पातळी अर्धी आधीच भरलेली. डावीकडे उणे २, उणे ६ अशीच. आणि मध्यभागी, जिथे साध्या पदार्थात शून्याचं पठार असतं, तिथे या आलेखात पठार नसून उणे २ वरून अधिक २ वर सरळ उडी आहे.

हा सरकलेला आलेख त्याच दोन गटांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ग्राफीनचा इलेक्ट्रॉन वेगळ्या जातीचा आहे, हे सिद्ध करायला यापेक्षा थेट पुरावा नाही. साधी रोध मोजणी, आणि त्यात बेरी कला उघड दिसते. पहिल्या पठारावर रोध १२,९०६ ओहम, दुसऱ्यावर ४,३०२.

पठारावर असताना प्रवाह जातो तरी कुठून? मधले तर सगळे गोल गोल फिरतायत.

छान प्रश्न. मधले जागच्या जागी फिरतात, त्यांच्याकडून प्रवाह पुढे जात नाही. काठावरच्यांचं वर्तुळ मात्र पूर्ण होत नाही. ते काठावर आदळतात, उरलेलं अर्धवर्तुळ काढतात, पुन्हा आदळतात, आणि असे काठाकाठाने पुढे सरकत राहतात. एका काठाने सगळे या दिशेला, समोरच्या काठाने उलट दिशेला.

एकेरी रस्ताच म्हणा. फरक इतकाच की ठाण्यात एकेरी रस्त्यावर स्कूटर उलटी घालणारे महाभाग भेटतातच, इथे उलट जायला मार्गिकाच शिल्लक नसते. वाटेत खड्डा आला, अशुद्धी आली, तरी इलेक्ट्रॉन तिला वळसा घालून पुढेच जातो. मागे फिरायचं तर पट्टीची पूर्ण रुंदी ओलांडून पलीकडच्या काठावर जावं लागेल. म्हणून पठारावर असताना लांबीच्या दिशेचा रोध जवळपास शून्यावर येतो आणि आडवा रोध इतका अचूक मिळतो.

हे सगळं अतिथंड तापमानातच होतं ना?

साध्या पदार्थात हो. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा सुमारे २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. गॅलियम आर्सेनाइडमधलं १७ चं अंतर त्यात बुडून जातं, म्हणून हेलियम ओतून गार करावं लागतं. ग्राफीनमध्ये ३० टेस्लाच्या आसपास पहिली पातळी २०० च्या जवळ जाते. २००७ मध्ये खोलीच्या तापमानालाच ग्राफीनमध्ये क्वांटम हॉल पठार दिसल्याचं प्रसिद्ध झालं. त्या मोजण्यांत वापरलेल्या चुंबकांपैकी एक ४५ टेस्लापर्यंत जाणारा होता. ठाण्यातल्या रुग्णालयांत एमआरआयचं यंत्र असतं ते १.५ किंवा ३ टेस्लाचं, म्हणजे तुलना लक्षात येईल. तेव्हा 'खोलीच्या तापमानाला' हे खरं, पण खोली साधी नव्हे.

याचा कारखान्यात उपयोग काय?

हाही रबाळ्याच्या काकांचाच प्रश्न. उत्तर त्यांच्या टेबलावर होतं: मल्टिमीटर. मल्टिमीटर कॅलिब्रेट करायला प्रमाण रोध लागतो, तो त्याहून चांगल्या रोधाशी ताडलेला असतो, तो आणखी वरच्या प्रयोगशाळेतल्या. भारतात या साखळीचं वरचं टोक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. आणि जगभर या साखळीच्या शेवटी क्वांटम हॉल पठार बसलेलं आहे. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार यांची मूल्यं व्याख्येनेच पक्की केली आहेत, म्हणून ते २५,८१२.८०७ सुद्धा आता पक्कं.

आतापर्यंत हे काम गॅलियम आर्सेनाइडच्या पट्ट्या करत. त्यांना १० टेस्लाच्या आसपास क्षेत्र आणि दीड केल्व्हिनपर्यंतची थंडी लागते. सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेलं ग्राफीन तीच अचूकता ५ टेस्लाच्या आसपास आणि जरा उबदार तापमानाला देतं. म्हणजे लहान चुंबक, सोपं यंत्र. मला विचाराल तर ग्राफीनचा आजवरचा सर्वात प्रामाणिक उपयोग हाच आहे. जाहिरातीत तो कधी दिसणार नाही.

मग ग्राफीनचा प्रोसेसर कधी येणार?

शुद्ध ग्राफीनमध्ये ऊर्जेची फट नाही, त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर पूर्ण बंदच होत नाही. बंद न होणारं बटण प्रोसेसरला चालत नाही. वाट बघू नका.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा ग्राफीनवर परिणाम होतो का? आणि लोकलच्या वायरींचा?

आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला. वरच्या उदाहरणातल्या इलेक्ट्रॉनची वर्तुळाची त्रिज्या त्यात जवळजवळ ३ मिलिमीटर येईल. पण स्वच्छातल्या स्वच्छ तुकड्यातसुद्धा तो त्याच्या कितीतरी आधी कशावर तरी धडकतो. वर्तुळ पूर्ण होण्याचा प्रश्नच येत नाही.

लोकलच्या ओव्हरहेड वायरीत समजा ५०० अँपियर आहेत आणि तुम्ही ५ मीटरवर उभे आहात, तर क्षेत्र २० मायक्रोटेस्ला भरतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या निम्मं. ग्राफीनला त्याचं काही नाही, पण पृथ्वीचं क्षेत्र मोजणाऱ्यांना ते भारी पडतं. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा याच धास्तीने १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या. त्या १९०७ मध्ये सुरू झाल्या, तोवर अलिबागची मोजणी रुळलेली होती. ही वेधशाळा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे. चुंबकीय क्षेत्राचं काम करणारी इतकी मोठी संस्था आपल्या नवी मुंबईत आहे, हे आमच्या वर्गातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

दोन थर ठेवले तर?

सगळं बदलतं. दोन थर नैसर्गिक रचनेत एकमेकांवर असले की इलेक्ट्रॉनला पुन्हा वस्तुमानासारखं काहीतरी मिळतं, आणि पठारं ४, ८, १२ अशी लागतात. तरी शून्यापाशी पठार नाहीच, उणे ४ वरून थेट अधिक ४. थर एकमेकांच्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने फिरवले तर अतिवाहकतासुद्धा मिळते (२०१८). तो वेगळ्या सत्राचा विषय आहे, आणि ते सत्र लांबेल.

चुंबकाशिवाय इलेक्ट्रॉनला गोल फिरवता येतं का?

येतं! ग्राफीन विशिष्ट तऱ्हेने ताणलं की इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्रच लागल्यासारखं वाटतं. २०१० मध्ये प्लॅटिनमवर वाढलेल्या ग्राफीनच्या अगदी छोट्या फुगवट्यांत ३०० टेस्लापेक्षा जास्त क्षेत्राला शोभतील अशा लँडाऊ पातळ्या दिसल्या. फक्त जाळीतल्या दोन खोऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांना हे क्षेत्र उलट दिशांचं भासतं, म्हणून एकूण बेरीज शून्य.

मुलीला यातच पुढे जायचंय. ठाण्यात राहून काय करता येईल?

बीएस्सी कुठूनही करा, पण गणित पक्कं करून घ्या, विशेषतः मॅट्रिक्स आणि काल्पनिक संख्या. तिथे कच्चं राहिलं की पुढे सगळंच पाठांतर होतं. ठाण्याहून वाशीमार्गे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ऑलिंपियाडची तयारी तिथे होते. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) ग्राफीनच्या उपकरणांवर थेट काम चालतं. पवईला आयआयटी आहेच. बंगळूरच्या आयआयएस्सीमध्येही (भारतीय विज्ञान संस्था) ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांवर जागतिक दर्जाचं काम होतं. टीआयएफआरला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांसाठी प्रयोगशाळा उघडतात तेव्हा घेऊन जा. मुलीला तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांशी बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

घरी बघता येईल असं यातलं काही आहे का?

एक आहे, आणि ते आम्ही दर सत्रात टेबलावर ठेवतो. चार छोटे निओडिमियम चुंबक उत्तर-दक्षिण आलटून पालटून चौकोनात जोडा. त्यावर पायरोलिटिक ग्रॅफाइटचा एक सेंटिमीटरचा पातळ तुकडा ठेवा. तो चुंबकांना टेकत नाही, मिलिमीटरभर वर तरंगत राहतो. ना बॅटरी, ना थंडावा. बोटाने ढकललात तर डुलतो आणि परत मध्ये येतो.

क्षेत्र लावलं की ग्रॅफाइटच्या थरांमधल्या इलेक्ट्रॉनांची एकूण ऊर्जा वाढते, म्हणून तुकडा क्षेत्र कमी असलेल्या जागेकडे पळतो. ग्रॅफाइटमध्ये हे इतकं जोरात का होतं, याचा हिशोब जे. डब्ल्यू. मॅक्लूर यांनी १९५६ मध्ये केला. त्यात एका थरासाठी वर्गमुळाने वाढणाऱ्या पातळ्या आणि शून्यावर अडून बसलेली पातळी, दोन्ही आहेत. ग्राफीन सुटं व्हायला तेव्हा ४८ वर्षं बाकी होती.

चुंबक हाताळताना काळजी घ्या: दोन चुंबकांमध्ये बोट सापडलं तर रक्त साकळतं, आणि छातीत पेसमेकर असलेल्या आजोबांना त्या टेबलापासून लांबच बसवा. तुकडा पातळ हवा, अर्ध्या ते एक मिलिमीटरचा. जाड घेतलात तर नीट तरंगत नाही.